बिनशेपटीचा डबा

रेकॉर्डिंग पूर्ण झाले

असं पडद्यावर हिरव्या अक्षरांत यायचं, आणि ते धादांत खोटं असायचं.

पूर्ण कुठलं? मालिकेतली चहावाली बंद पाकीट घेऊन खिडकीशी गेलेली, पाकिटाचं टोक दोन बोटांत धरलेलं, आता उघडते की फाडते, एवढ्यात पडदा काळा आणि त्यावर ही हिरवी अक्षरं. भरल्या ताटावरून उठवावं आणि वर म्हणावं, झालं हं तुमचं जेवून, तसं.

शिवणबाईने रिमोट सोफ्यावर आपटला.

शिवणबाई हे काही तिचं नाव नव्हे. बाजाराच्या मागच्या गल्लीत, किल्ल्या बनवणाऱ्याच्या शेजारी, तिचं कपडे कमी-जास्त करून देण्याचं दुकान होतं. नवं काही शिवायची नाही. दुसऱ्यांनी शिवलेलं बेतात आणायची. कुणाची पँट जमीन झाडते, कुणाचा कोट पोटावर मिटत नाही, कुणाची चेन ऐन वेळी दगा देते. रविवारी लोकांना सुट्टी, म्हणून रविवारी दुकानात मुंगीला शिरायला जागा नाही. आणि नेमकी रविवारी संध्याकाळीच ती होडीवाली मालिका. म्हणून डबा.

डबा म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा रेकॉर्डर. लेकीच्या लग्नानंतर जावईबापूंनी हौसेने दोन आणले, एक सासूला, एक स्वतःच्या आईला. अगदी सारखे, म्हणजे कुणी कुणाला बोलायला नको. पण जुळी भावंडंसुद्धा एका वळणाची निघत नाहीत. शिवणबाईच्या डब्याचं घड्याळ पुढे पळायचं, त्यामुळे कार्यक्रम संपायच्या आधीच तो दुकान बंद करायचा. विहीणबाईंचा डबा मागे रेंगाळायचा. निम्मी पात्रं रडून झाली की मग त्याला जाग यायची.

"आमचा बिनशेपटीचा," शिवणबाईचा नवरा म्हणाला, "आणि त्यांचा बिनडोक्याचा."

"हळू बोला. लेक आलीय, ऐकेल."

"मी डब्याबद्दल बोलतोय. विहीणबाईंबद्दल नाही."

"म्हणूनच म्हटलं, हळू बोला."

हा नवरा आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत आलेला. त्याने एकदा डब्याचं झाकण काढलं, आत पाहिलं, फुंकर मारली आणि झाकण परत लावलं. "लिफ्ट असती तर सांगितलं असतं," म्हणाला. दुरुस्तीवाला माणूस आला, त्याने घड्याळ बसवून दिलं. वीज जाऊन आली की ते पुन्हा उधळलं. कधी कधी तर डबा होडीवाली मालिका सोडून शेजारच्या वाहिनीवरचा मासेमारीचा कार्यक्रम टिपून ठेवायचा. "त्याला मासे आवडतात, तू कोण अडवणारी," नवरा म्हणायचा आणि गळ टाकून बसलेल्या परक्या माणसाकडे तासभर बघत बसायचा.

दुरुस्तीवाला जाता जाता म्हणाला होता, बदलून टाका. शिवणबाई म्हणाली, बघू. आणि त्या दिवशी चहावालीचं पाकीट बोटांत अडकलेलं राहिलं ते राहिलंच. रात्रभर तिला झोप लागली नाही. लेकीला फोन केला तर लेक म्हणाली, "मी कुठे बघते ते? माझ्या सासूबाई बघतात. त्यांना विचार." शिवणबाई म्हणाली, जीव गेला तरी विचारणार नाही. आणि सकाळी तिने फोन उचलून

सुरुवात उपलब्ध नाही

घंटी वाजायला लागल्यावर तिला वाटलं, ठेवून द्यावा.

विहीणबाईंना आपणहून असा फोन तिने कधी केलाच नव्हता. लग्न सुरळीत पार पडलं होतं, भांडण म्हणाल तर तिळाएवढंही नव्हतं. पण दोन घरांत एक अंतर होतं, कोटाला अस्तर असतं तसं: वरून दिसत नाही, आत हात घातला की लागतं. मुलाची आई ती शेवटी मुलाची आई. त्यातून त्या निवृत्त परिचारिका, मोठ्या इस्पितळात अख्खा वॉर्ड हाकलेल्या. बोलणं मोजकं, आणि आवाज असा की समोरच्याने न सांगता जीभ बाहेर काढून दाखवावी.

"हॅलो, विहीणबाई, मी बोलतेय."

"बोला. सगळे बरे?"

"बरे, बरे. म्हणजे ते... पाकीट. तिने फाडलं का हो?"

शब्द तोंडातून गेले आणि शिवणबाईने जीभ चावली. झालं, आता ही बातमी लेकीच्या सासरी पोचली, की आईला दुसरा उद्योग नाही.

"फाडलं," विहीणबाई म्हणाल्या. "बारीक बारीक तुकडे केले आणि नदीत सोडले. पण आधी मला एक सांगा, ते पाकीट आलं कुठून? माझ्याकडे सुरू झालं तेव्हा ते तिच्या हातातच होतं. कालपासून माझं डोकं उठलंय."

शिवणबाई खुर्चीत नीट बसली. पाकीट कुणी आणलं, कसं आणलं, दाराच्या फटीतून आत सरकवताना कुत्रं कसं भुंकलं, सगळं तिने सांगितलं. विहीणबाई मधे मधे "हं" म्हणत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आता जीवाला बरं वाटलं." आणि जरा थांबून, "पुढच्या सोमवारी घरी असता ना?"

सोमवारी शिवणबाईचं दुकान बंद असतं. आणि सोमवारी सकाळी विहीणबाईही मोकळ्या असतात. रविवारची संध्याकाळ त्या एका वृद्धाश्रमात मलमपट्टी करण्यात घालवतात, म्हणून तर त्यांनाही डब्याची गरज. झालं. सुरुवात आधी येते म्हणून फोन शिवणबाईने करायचा. तिने डोकं सांगायचं, त्यांनी शेपूट. मधला भाग दोघींनी पाहिलेला, त्यावर भांडायचं.

"तो नावाड्याचा पुतण्या लबाड आहे."

"लबाड नाही हो, लाजरा आहे. लाजरी माणसं चोरासारखी दिसतात."

"तुम्हाला सगळेच बरे वाटतात," विहीणबाई म्हणाल्या.

"आणि तुम्हाला सगळ्यांचेच पारे चढलेले दिसतात. नर्स ना तुम्ही."

हे असं बोलायची हिंमत कधी आली, ते शिवणबाईलाही कळलं नाही. मालिकेच्या मागून गुडघे आले, गुडघ्यांच्या मागून कुलूप लावलं की नाही या शंकेने अर्ध्या वाटेवरून परत येणं आलं, एकट्या माणसाने भाजी किती आणायची हे आलं. विहीणबाई एकट्याच राहत. पण फोन मालिकेसाठीच असतो, हे दोघींनीही कधी सोडलं नाही. विहिणी विहिणींना उगाच फोन करत नाहीत. काम लागतं. काम डबा पुरवत होता.

जागा कमी आहे. काही पुसायचे का?

मग नवऱ्याच्या छातीत दुखायला लागलं. तेही दुसऱ्याच्या इमारतीत, स्वतः दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये, दोन मजल्यांच्या मधोमध. "लिफ्ट नाही अडकली," तो नंतर सांगायचा, "मी अडकलो." तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून दाखवलं आणि त्यावर पेनाने तीन ठिकाणी फुल्या मारल्या. छाती उघडावी लागणार.

आणि मालिका लिहिणाऱ्यांना तरी दुसरं काही सुचू नये? त्याच सुमारास मालिकेतल्या म्हाताऱ्या नावाड्याचंही हृदय बिघडलं. हंगामाचा शेवटचा भाग. इस्पितळात भरती व्हायच्या आदल्या रात्री दोघं सोफ्यावर बसून तो बघत होते. नावाड्याला ढकलगाडीवर झोपवून नेतात, तो पुतण्याचा हात धरून म्हणतो, "दोर बांधलास ना रे?" दारं मिटतात, वर लाल दिवा लागतो, आणि हिरवी अक्षरं. रेकॉर्डिंग पूर्ण झाले.

"मेल्या!" शिवणबाईने डब्याच्या कानफटात दिली. डबा तसाच. पुढचं त्याच्याकडे नव्हतंच.

नवऱ्याने रिमोटने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "उद्या विहीणबाईंना विचार. नावाडी वाचला असेल तर मी जातो ऑपरेशनला. नसेल तर मी आपला इथे सोफ्यावर बरा."

म्हणाला हसत. पण तिने त्याचा हात हातात घेतला तेव्हा तो इस्त्री थंड झाल्यावर लागते तसा लागला.

तोच प्रसंग, विहीणबाईंच्या तोंडून

"ऑपरेशन कधी आहे?" त्यांनी आधी हेच विचारलं.

"परवा. पण ते जाऊ द्या. नावाड्याचं काय झालं?"

फोनवर क्षणभर काही ऐकू आलं नाही. चहाचा घोट घेतला असेल, असं शिवणबाईला वाटलं.

"वाचला," विहीणबाई म्हणाल्या.

शिवणबाईचा जीव भांड्यात पडला. तिने आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडून सांगितलं, "वाचला हो!" आतून नवऱ्याचा आवाज आला, "मग बॅग भर."

"ऐका ना, नीट सांगते," विहीणबाई म्हणाल्या. आणि एरवी मोजूनमापून बोलणारी बाई त्या दिवशी बोलतच राहिली. लाल दिवा विझला. डॉक्टर बाहेर आले, पण त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. डॉक्टरांचे चेहरे असेच असतात, त्यावरून काही ताडायला जाऊ नये. मग पुतण्याला आत सोडलं. नावाड्याच्या तोंडात नळी, तोंड सुजून बटाट्यासारखं, ओळखू येईना. हात खाटेला सैलसर बांधलेले, कारण अर्धवट शुद्धीत माणूस नळ्या उपसतो. शिक्षा नसते ती. एक यंत्र अचानक किंचाळलं. पुतण्याचा थरकाप, पण परिचारिका शांतपणे आली, बटण दाबलं, गेली. काही झालेलं नव्हतं. नळी काढल्यावर पाणी मागायला लागला, तर ओल्या कापसाने नुसते ओठ पुसले. आणि डोळे उघडले तेव्हा पुतण्याला ओळखेचना. उलट रागावला, भलतंसलतं बोलला. पुतण्या बाहेर येऊन रडला.

"अगं बाई! मग?"

"मग काही नाही. औषधाची गुंगी असते ती. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडून म्हणतो, 'होडीचा दोर कुणी बांधला? गाठ चुकली असणार.' झाला बरा."

"एवढं सगळं दाखवलं?"

"शेवटचा भाग होता ना. लांबवला त्यांनी."

तोच प्रसंग, इस्पितळात

डॉक्टर बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. शिवणबाईने काही ताडलं नाही.

तिला आत सोडलं. नळी होती. तोंड बटाट्यासारखं. हात सैलसर बांधलेले. तिच्या शेजारी दुसऱ्या एका रुग्णाची बायको उभी होती. तिने आपल्या माणसाचे बांधलेले हात पाहिले आणि मटकन खाली बसली. शिवणबाईने तिला दंडाला धरून उठवलं. "शिक्षा नसते ती," म्हणाली. "नळ्या उपसू नयेत म्हणून." यंत्र किंचाळलं तेव्हाही तिने त्या बाईचा हात सोडला नाही. परिचारिका आली, बटण दाबलं, गेली.

ओल्या कापसाने ओठ तिने स्वतः पुसले.

नवऱ्याने डोळे उघडले, तिच्याकडे परक्यासारखं पाहिलं आणि गुरकावला, "कितव्या मजल्यावर अडकलीय? मग वरून खाली कशाला बोंबलताय?" शिवणबाई रडली नाही. व्हरांड्यात येऊन लेकीला म्हणाली, "गुंगी असते. नावाड्याचंही असंच झालं होतं." लेकीला वाटलं, आईच्याही डोक्यावर परिणाम झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "दुकान उघडलंस की नाही? गिऱ्हाईक तुटेल."

झाला बरा.

पुढचा हंगाम

नवरा घरी आला. आयुष्यभर लोकांच्या लिफ्ट चालू ठेवल्या, आता डॉक्टर म्हणतात रोज जिने चढा. यापेक्षा मोठी थट्टा नाही, असं तो प्रत्येक मजल्यावर थांबून सांगायचा. मालिकेचा नवा हंगाम सुरू झाला, आणि त्यात नावाडी दिसेना.

"कुठे गेला हो?" सोमवारी शिवणबाईने विचारलं.

"मुलीकडे गेला. वरच्या गावी. हवापालट."

"त्याला मुलगी होती?"

"असते की. कुठल्याशा भागाच्या सुरुवातीला होता उल्लेख." सुरुवातीचं विहीणबाईंना कसं माहीत, हे शिवणबाईच्या मनात आलं नाही.

"पण घाटावर त्याचा फोटो लावलाय."

"फोटो तर तुमच्या यजमानांचाही तुमच्या भिंतीवर आहे. आहेत ना ते?"

"आहेत. जिन्यात बसलेत."

मग एकदा चहावाली डोळे पुसत म्हणाली, "तो असता तर..." शिवणबाईने सोमवारी फोनवर आधी तेच विचारलं. पण विहीणबाई शांत. "असता तर म्हणजे इथे असता तर. मुलीकडे आहे ना तो. माणूस लांब गेला की लोक असंच बोलतात. माझा मुलगा लग्नानंतर वेगळा राहायला गेला तेव्हा मीही म्हणायचे, तो असता तर दिवा बदलून दिला असता."

पटलं. माणसाला जे पटायला हवं असतं ते पटतंच. आणि विहीणबाई अधूनमधून आपणहूनच बातमी द्यायच्या: कालच्या भागात शेवटी नावाड्याचं पत्र आलं म्हणे, वजन थोडं वाढलंय. नवरा आतून विचारायचा, "नावाडी कसा आहे?" शिवणबाई सांगायची, "बरा आहे." तो म्हणायचा, "चला," आणि आणखी एक मजला चढून यायचा.

डबा बदलायचा आहे का?

होय, लेक म्हणाली. ती आणि जावईबापू नवा डबा घेऊनच आले. चपटा, काळा, आवाज न करणारा. जुना परत दिला तर नव्यावर सूट, पण जुना आठवड्याभरात द्यायला हवा. तसाच एक विहीणबाईंसाठीही आणलाय.

"हा काही चुकवत नाही, आई. घड्याळ आपोआप लागतं. सुरुवात, शेवट, सगळं."

"जुना चालतोय की."

"कुठे चालतोय? परवा बाबा तासभर मासे बघत होते."

"मला आवडतात मासे," नवरा म्हणाला.

शिवणबाई टीव्हीपाशी उगाच धूळ पुसत राहिली. जुन्या डब्यावर तिने स्वतः शिवलेलं कव्हर होतं, गिऱ्हाइकांच्या पँटींच्या कापलेल्या पायांचं. करडा, तपकिरी, निळा, असे तुकडे जोडून. सगळं दाखवणारा डबा आला की शेवट विचारायचा कुणाला? डबा गेला की सोमवार गेला. आणि हे बोलायचं कसं? की मला मालिका नको, मला तुझी सासू हवी आहे?

"त्या काय म्हणाल्या?" तिने विचारलं. "तुझ्या सासूबाई?"

"त्यांचंही तेच. 'माझा आहे तो बरा आहे.' तुम्हा दोघींना एकाच मापाने कापलंय. बरं, हे बघ, यात जुने भागही बघता येतात, अगदी पहिल्यापासून. बाबा, कुठला लावू?"

नवऱ्याचा चेहरा उजळला. "नावाडी वाचतो तो लाव. शेपूट बघायचं राहिलंय माझं."

तोच प्रसंग, होता तसा

दारं मिटतात. लाल दिवा लागतो. या वेळी हिरवी अक्षरं येत नाहीत. दिवा विझतो. डॉक्टर बाहेर येतात आणि मान हलवतात. पुतण्या भिंतीला पाठ लावून खाली बसतो. मग नदी. काठाला होडी, दोर सुटलेला, होडी आपली आपण वाहत वाहत मधे जाते. नावं वर सरकतात. संपलं.

नळी नाही. बांधलेले हात नाहीत. कापूस नाही.

लेकीने आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. तिला काहीच कळलं नव्हतं.

"म्हणजे," नवरा सावकाश म्हणाला, "मी एका मेलेल्या माणसाच्या भरवशावर ऑपरेशनला गेलो?"

आणि हसायला लागला. छातीवर उशी दाबून धरून हसला, इस्पितळात खोकल्याच्या वेळी धरायला शिकवलं होतं तशी. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मुलीकडे गेलाय म्हणे! वजन वाढलंय म्हणे!"

शिवणबाई हसली नाही. ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. कुक्कुलं बाळ समजल्या मला, असं तिच्या मनात आलं. एवढे सोमवार. मी आपली वेड्यासारखी विचारतेय, त्याला थंडी बाधली नाही ना, आणि तिकडे ती बाई गालातल्या गालात—

पण इथे तिचा राग अडकला, बोथट सुई जाड कापडात अडकते तसा. कारण विहीणबाई हसत होत्या असं काही डोळ्यांपुढे येईना. डोळ्यांपुढे येत होता तो कापूस. त्या दिवशी फोनवर गप्प राहिल्या तो चहाचा घोट नव्हता. तेवढ्या वेळात त्यांनी ठरवलं होतं. आणि नुसतं 'वाचला' म्हणून थांबल्या नव्हत्या. तेवढं तर कुणीही म्हणालं असतं. परवा हिला आत काय काय दिसणार आहे, त्यातल्या कशाकशाने हिचे पाय लटपटतील, ते सगळं एक एक करून त्यांनी नावाड्याच्या अंगावर चढवलं, म्हणजे ते आधी त्याच्या बाबतीत घडून गेलेलं असेल आणि मग हिच्या. कोट गिऱ्हाइकाला चढवायच्या आधी दुकानातल्या पुतळ्यावर चढवून बघतात तसं. म्हणून ती उभी राहू शकली. म्हणून तिने त्या दुसऱ्या बाईलाही उठवलं. आणि एकदा घातलेली ती शिवण उसवू नये म्हणून त्यानंतरच्या प्रत्येक सोमवारी त्या बाईने एक एक टाका घालत ठेवला. मुलगी. हवापालट. पत्र. वजन.

तिने नळ बंद केला.

बाहेर लेक बापाला सांगत होती, "सासूबाईंचं काल काय बिनसलं कळत नाही. यात जुने भाग दिसतात म्हटल्यावर एकदम गप्प झाल्या. मग म्हणतात, 'तिकडचा नवा परत करता येतो का?' मी म्हटलं, अहो आई, तुमचा की तिकडचा? तर म्हणाल्या, तिकडचा."

पुन्हा प्रयत्न करा

सोमवारी सकाळी शिवणबाईने फोन लावला. खूप वेळ वाजला. ठेवणार एवढ्यात उचलला.

"बोला," विहीणबाई म्हणाल्या. आवाज वॉर्डातला नव्हता. निकालाची वाट बघणाऱ्या नातेवाइकाचा होता.

"सुरुवात सांगते," शिवणबाई म्हणाली. "तुमचा बिनडोक्याचाच आहे ना अजून?"

"माझा मी देणार नाही. नवा खोक्यातच पडलाय."

"मग ऐका." आणि तिने सांगितली: घाटावर पाणी चढलेलं, चहावालीने दुकानातल्या बरण्या वरच्या फळीवर ठेवलेल्या, पुतण्या अजून लाजराच. विहीणबाई "हं" म्हणत होत्या, पण त्या "हं"मध्ये जीव नव्हता. सांगून झालं. आता त्यांची पाळी.

"शेवट?" शिवणबाई म्हणाली.

"तुमच्याकडे आता नवा आहे. शेवटासकट."

"आहे. काल पाहिलाही. पण मला तुमचा ऐकायचाय."

तिकडे काही नाही. चहाचा घोटही नाही.

"आणि विहीणबाई, हे विचारतायत, नावाडी कसा आहे?"

खूप वेळाने नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग खाकरल्याचा. मग विहीणबाई बोलल्या, आधी हळू, आणि बोलता बोलता तो जुना, जीभ बाहेर काढायला लावणारा आवाज परत येत गेला.

"बरा आहे. जिभेवर ताबा नाही मेल्याचा. मुलगी रागावते. म्हणते, टाके पडलेत तुला, जरा भान ठेव."

"टाके चांगले पडलेत ते," शिवणबाई म्हणाली. "मला विचारा. मी टाके ओळखते. ते तुम्ही घातले नसते ना, तर मी त्या दाराशीच..."

"असू द्या," विहीणबाई म्हणाल्या. "अहो, असू द्या."

"नाही, एकदा म्हणू द्या. विहिणींत म्हणत नाहीत, पण म्हणते. उपकार झाले तुमचे."

"मग एक करा. पुढच्या सोमवारी फोन नको. घरीच या. ती सुरुवात समोर बसून सांगा. तुमच्या हातवाऱ्यांशिवाय मला होडी कुठली आणि घाट कुठला, निम्मं कळतच नाही."

आतून नवरा ओरडला, "त्या नावाड्याला म्हणावं, जिने चढ!"

"सांगते हं त्यांना," विहीणबाई म्हणाल्या, आणि आपण नक्की कुणाला काय सांगणार आहोत, हे लक्षात येऊन त्या हसल्या. शिवणबाईने त्यांना असं हसताना पहिल्यांदाच ऐकलं. लहान मुलीसारखं, श्वास अडकत अडकत.

दुपारी लेक जुना डबा न्यायला आली. शिवणबाईने तो स्वतः तारांमधून सोडवला, मागची धूळ पुसली, आणि लेकीच्या हातात देताना त्याच्या कडेवर, जिथे आजवर चापट्या मारल्या होत्या तिथे, तळहात जरा वेळ ठेवला.

"काय गं आई?"

"काही नाही. गुणी होता."

"हा? गुणी?"

"मधेच गप्प बसायचा. नेमक्या जागी."

लेक गेल्यावर तिने जुन्या डब्याचं कव्हर मांडीवर घेतलं. नव्याला ते सैल होत होतं. तिने बाजूची शिवण उसवली, करडा तुकडा काढून बाजूला ठेवला, उरलेलं नव्या मापाला जोडायला घेतलं. करडं कापड टाकवेना. तेवढ्या तुकड्यात विहीणबाईंच्या डब्याला निदान वरून पांघरण्यापुरतं एक छोटंसं कव्हर होईल, असा तिने अंदाज घेतला, आणि सुईत दोरा